धक्क्यावरून दिसणारा जपान

जपानभोवती फेरी मारणारी परदेशी क्रूझ जहाजे वाटेत बहुधा एकदा दक्षिण कोरियातल्या बुसानला जाऊन येतात. जाहिरातीवर जपानचे नाव, नकाशावर ओळीने जपानी बंदरे आणि मध्येच हे एक कोरियन शहर. प्रवाशांना वाटते, चला, आणखी एक देश पदरात पडला. खरे कारण कायद्यात आहे. १८९९ सालच्या जपानी जहाज कायद्यानुसार परदेशी निशाणाच्या जहाजाला जपानच्या एका बंदरातून माणसे घेऊन जपानच्याच दुसऱ्या बंदरात उतरवण्याचा धंदा करता येत नाही. मध्ये परका किनारा लागला की फेरी आंतरराष्ट्रीय ठरते. म्हणून बुसान, किंवा दक्षिणेच्या फेरीत तैवानचे कीलुंग. ‘आसुका’सारख्या जपानी निशाणाच्या जहाजांना हा वळसा घ्यावा लागत नाही.

१८९९ हे साल लक्षात ठेवण्यासारखे आहे. योकोहामा, कोबे, नागासाकी इथल्या परदेशी वसाहती, जिथे जपानी कायदा चालत नव्हता, त्या याच वर्षी संपल्या. दोनशेहून अधिक वर्षे किनारा जवळजवळ बंद ठेवलेल्या आणि मग परक्या तोफांपुढे तो उघडावा लागलेल्या देशाने आपल्या पाण्यावरचा हक्क कागदावर पक्का केला तो तेव्हा. आज सव्वाशे वर्षांनी सुट्टीवर निघालेल्या माणसाचे जहाज त्या कागदामुळे वळण घेते.

आपल्याकडे क्रूझविषयी बोलणे निघते ते जहाजाविषयी. किती मजले, पोहण्याचे तलाव किती, शाकाहारी जेवण मिळते का. ते सगळे खरेच चांगले असते. पण मला सांगायचे आहे ते धक्क्यांविषयी. जहाज लागले की प्रवाशांचे लोंढे बसकडे निघतात. योकोहामाला उतरून फुजी, कोबेला उतरून क्योतो. जाण्यायेण्यात दिवसाचा चांगला भाग जातो आणि ज्या गावाच्या धक्क्याला जहाज लागले ते गाव बसच्या काचेतून सरकून जाते. फुजी आणि क्योतो आगगाडीनेही गाठता येतात. बंदरात मात्र समुद्रावरून शिरण्याची संधी जहाजच देते, आणि जपानला जे जे नवे मिळाले, जे जे सोसावे लागले, त्यातले बरेचसे या धक्क्यांवरूनच आत आले. उतरल्यावर पायी किंवा ट्रामने जाता येईल तेवढेच बघायचे, असे मी ठरवून टाकले होते. या लेखातले जवळजवळ सगळे त्या टप्प्यातले आहे.

योकोहामाचा ओसानबाशी धक्का १८९४चा. त्याच्यावरची आजची इमारत २००२ची. तिचे छप्पर म्हणजे लाकडी फळ्यांचे लांबलचक, उंचसखल पटांगण. जहाजाच्या कठड्यावरून पाहिले की माणसे त्यावर पाय पसरून बसलेली, मुले पळताना दिसतात. ‘देवमाशाची पाठ’ हे त्याचे स्थानिक नाव. बंदराची वास्तू आणि गावाची बाग एकच असू शकते, हे मला मुंबईकर म्हणून फार लागले. आपल्या पूर्व किनाऱ्यावरच्या गोद्या पिढ्यानपिढ्या भिंतीआड राहिल्या.

धक्क्यापासून जवळच बंदर खुले होण्याच्या इतिहासाचे संग्रहालय आहे. १८५३ साली अमेरिकेचा कमोडोर पेरी चार युद्धनौका घेऊन आला, पुढच्या वर्षी पुन्हा आला आणि याच परिसरात तह झाला. संग्रहालयाच्या अंगणातले झाड त्या काळापासूनचे सांगतात. १९२३च्या भूकंपानंतरच्या आगीत ते जळाले आणि मुळापासून पुन्हा फुटले. १८५९मध्ये योकोहामा व्यापारासाठी खुले झाले, तेव्हा ते मासेमारीचे छोटे गाव होते. १८९३च्या जुलैत याच बंदरातून ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’ जहाजाने स्वामी विवेकानंद व्हँकूव्हरला निघाले. जमशेटजी टाटा त्याच जहाजावर होते.

पुढे चालत गेले की यामाशिता बाग लागते. ही बाग भूकंपात पडलेल्या शहराचा राडारोडा समुद्रात भरून केलेली आहे. तिच्या एका टोकाला घुमटाची छत्री असलेले पाणवठ्याचे बांधकाम दिसते. घडण भारतीय. भूकंपात इथल्या भारतीय व्यापाऱ्यांची घरे, पेढ्या गेल्या, माणसे गेली. रेशमाचा व्यापार करणारे हे बहुतेक सिंधी. शहराने त्यांना पुन्हा उभे राहायला मदत केली. त्याची कृतज्ञता म्हणून आणि आपल्या मृतांच्या स्मरणार्थ भारतीय समाजाने १९३९ साली हे बांधून दिले. फारसे कोणी तिथे थांबत नाही. मी घुमटाच्या आतली रंगीत नक्षी मान वर करून बराच वेळ बघत राहिले.

फार उंच जहाजे मात्र ओसानबाशीला येऊ शकत नाहीत. वाटेतल्या बे ब्रिजखालून त्यांना जाता येत नाही, म्हणून ती पुलाच्या अलीकडे दाइकोकू धक्क्याला लागतात. फेब्रुवारी २०२०मध्ये ‘डायमंड प्रिन्सेस’ याच दाइकोकूला अडकली होती. जहाजावर ३,७११ माणसे होती, त्यांतल्या ७१२ जणांना करोनाची लागण झाली. भारतीय १३८ होते आणि त्यांपैकी १३२ कर्मचारी. प्रवाशांना खोल्यांत बसवले गेले, पण त्यांच्या दारापर्यंत जेवणाची ताटे नेणारे, भांडी धुणारे, अरुंद खोल्यांत दोघे-दोघे झोपणारे कर्मचारी काम करतच राहिले. त्या महिन्याच्या अखेरीस एअर इंडियाच्या खास विमानाने ११९ भारतीय परतले. बातम्यांत तेव्हा आकडे आले. त्या माणसांनी केलेल्या कामाचे मोल व्हायला हवे होते तसे झाले नाही, असे मला आजही वाटते.

क्रूझ जहाजांवर गोव्याची, मुंबईची, कोकणची माणसे भेटतातच. गोव्यात त्यांना तारवटी म्हणतात. घराघरांत कोणी ना कोणी बोटीवर असण्याची तिथली रीत जुनी आहे. आमच्या जहाजावर साष्टीतला एक स्टुअर्ड होता. करार कित्येक महिन्यांचा, सुट्टी नाही, बंदरात मिळाले तर काही तास. धक्क्याजवळ फुकट वायफाय कुठे मिळते आणि ब्रेड कुठला चांगला, हे त्याला प्रत्येक बंदराचे पाठ होते. ‘बाई, तुम्ही जपान बघता, आम्ही धक्के बघतो,’ असे तो म्हणाला. मला वाटते, त्याला जपान माझ्यापेक्षा जास्त माहीत होता.

कोबेचा धक्का मुंबईच्या माणसाने तर चुकवूच नये. जपानच्या गिरण्यांना कापूस हवा होता आणि तो मुंबईहून येत असे. खानदेश-वऱ्हाडचा आखूड धाग्याचा कापूस मुंबईच्या बाजारातून बोटीवर चढायचा. वाहतूक मात्र पी अँड ओ आणि तिच्या सोबतच्या युरोपीय कंपन्यांच्या हातात होती, त्यांनी ठरवलेले भाडे मुकाट्याने द्यावे लागे. जमशेटजी टाटांनी जपानला जाऊन निप्पॉन युसेन काइशा या कंपनीशी हातमिळवणी केली. नोव्हेंबर १८९३मध्ये ‘हिरोशिमा मारू’ कोबेहून मुंबईला निघाली. जपानी कंपनीने दूर पल्ल्याची नियमित बोट सुरू केली ती ही पहिली, आणि ती मुंबईची होती. युरोपीय कंपन्यांनी भाडे इतके पाडले की टाटांची स्वतःची बोटसेवा फार टिकली नाही. जपानी गिरणीवाल्यांनी मात्र स्वस्ताईचा मोह टाळून आपला माल ठरल्या बोटीनेच आणला, म्हणून जपानी कंपनी तगली. उद्योगाच्या इतिहासात अशी एकजूट क्वचित दिसते.

१९२३च्या भूकंपानंतर योकोहामाचे अनेक भारतीय व्यापारी कोबेला आले. १९३५ साली इथे जपानमधली पहिली मशीद झाली, तिच्यात भारतीय व्यापाऱ्यांचा पैसा होता. ती युद्धातल्या बॉम्बवर्षावातून आणि पुढे १९९५च्या भूकंपातूनही वाचली. मोत्यांच्या व्यापारात आलेल्या गुजराती जैनांनी बांधलेले संगमरवरी देरासर डोंगराकडच्या कितानो भागात आहे, मशिदीपासून चालत जाता येते.

त्या भूकंपाची एक खूण कोबेने धक्क्यावरच राखली आहे. १७ जानेवारी १९९५, पहाटे ५.४६. साडेसहा हजारांच्या आसपास माणसे गेली. तोवर जगातल्या मोठ्या कंटेनर बंदरांत गणले जाणारे कोबे एका क्षणात बंद पडले. मेरिकेन पार्कमध्ये मोडलेल्या धक्क्याचा सुमारे ६० मीटरचा तुकडा होता तसा ठेवला आहे. वाकलेले दिव्याचे खांब, पाण्यात कललेली फरसबंदी, फटींतून आत-बाहेर करणारे पाणी. बाजूला सगळे नवे, चकचकीत. दुरुस्त करून टाकणे सोपे होते. न करता ठेवण्यामागे विचार लागतो.

कोबेहून पश्चिमेला निघाले की आकाशी पूल डोक्यावरून जातो. १९९८चा हा झुलता पूल, मुख्य गाळा १,९९१ मीटरचा. मग सेतो हा अंतर्गत समुद्र, सातशेहून अधिक बेटांचा. इथे जहाज हळू चालते आणि डेकवरून हलू नये असे वाटते. कुरुशिमा सामुद्रधुनीत वाहतुकीचा नियम भरती-ओहोटीप्रमाणे बदलतो. प्रवाह पाठीशी असेल तर मधल्या वाटेने जायचे, समोरून असेल तर पश्चिमेच्या वाटेने. त्यामुळे कधी समोरचे जहाज नेहमीच्या उलट्या बाजूने जाते. किनाऱ्यावरच्या फलकांवर प्रवाहाची दिशा आणि वेग अक्षर, आकडा, बाण असे झळकत असतात. समुद्राचे म्हणणे ऐकून केलेला असा नियम जगात विरळाच.

या शांत पाण्याचा एक दिवस जपान विसरलेला नाही. ११ मे १९५५ला धुक्यात ‘शिउन मारू’ ही फेरीबोट दुसऱ्या बोटीशी टक्कर होऊन बुडाली. १६८ माणसे गेली, त्यांत शाळेच्या सहलीला निघालेली मुले फार होती. होन्शू आणि शिकोकू या बेटांमध्ये पूल हवा ही मागणी त्या मुलांच्या मृत्यूने जोर धरून उभी राहिली. रेल्वे आणि रस्ता दोन्ही नेणारा सेतो महापूल १९८८मध्ये पूर्ण झाला.

याच समुद्रातल्या तेशिमा बेटाला मोठी जहाजे जात नाहीत, ताकामात्सुहून किंवा उनोहून छोटी बोट घ्यावी लागते. तरीही त्याविषयी सांगितलेच पाहिजे. या बेटावर एका कंत्राटदाराने सत्तरच्या दशकापासून १९९०पर्यंत कारखान्यांचा विषारी कचरा आणून टाकला. गाड्यांचे तुकडे, तेल, रसायने. सरकारी यंत्रणेने काणाडोळा केला. बेटावरचे लोक, बहुतेक म्हातारी माणसे, वर्षानुवर्षे लढले. वकील नाकाबो कोहेई त्यांच्या बाजूने उभे राहिले. जून २००० मध्ये तडजोड झाली आणि कागावा प्रांताच्या गव्हर्नरने लोकांची माफी मागितली. २००३ ते २०१७ या काळात नऊ लाख टनांहून अधिक कचरा आणि दूषित माती बोटीने शेजारच्या नाओशिमाला नेऊन वितळवली गेली. आज जगभरचे लोक नाओशिमाला आंदो तादाओ यांनी बांधलेली संग्रहालये बघायला येतात, तेशिमाला खांब नसलेले, थेंबाच्या आकाराचे २०१०चे कलासंग्रहालय बघायला येतात. तिथे जमिनीतून पाण्याचे थेंब उमटतात आणि सरकत जाऊन एकत्र होतात. सुंदर आहेच. पण कचऱ्याची जागा न बघता कोणी परतू नये. कला बेटावर नंतर आली. बेट वाचवले ते तिथल्या लोकांनी.

कागोशिमाच्या खाडीत शिरताना साकुराजिमा हा ज्वालामुखी सामोरा येतो. १,११७ मीटर उंच, बहुतेक वेळा धुमसणारा. १९१४च्या स्फोटात इतका लाव्हा वाहिला की हे बेट मुख्य भूमीला चिकटले. गावात राख पडते तेव्हा लोक ती झाडून पालिकेने दिलेल्या पिवळ्या पिशव्यांत भरतात आणि ठरल्या जागी ठेवतात. समोरच्या काठाची फेरीबोट रात्रंदिवस चालते, पंधरा मिनिटांत पोहोचवते.

याच किनाऱ्यावर १५ ऑगस्ट १५४९ रोजी फ्रान्सिस झेवियर उतरले. ते निघाले होते गोव्याहून. त्यांच्यासोबत वाट दाखवायला अंजिरो होता, मूळचा कागोशिमाचा. मायदेशात हातून खून झाल्यावर तो पळाला, मलाक्काला झेवियरना भेटला, तिथून गोव्याला गेला. १५४८मध्ये गोव्यात त्याचा बाप्तिस्मा झाला आणि सेंट पॉल कॉलेजात तो शिकला. कागोशिमाच्या झेवियर बागेत त्याचाही पुतळा आहे. जुन्या गोव्याच्या बॉम जेझू बासिलिकेत झेवियरांच्या शवपेटीपुढे आपण रांग लावतो, तेव्हा त्याच गावातल्या त्या जपानी विद्यार्थ्याची आठवण कोणी काढत नाही. काढायला हवी.

नागासाकीचे बंदर डोंगरांच्या कुशीत आत आत जाते आणि जहाज थेट गावाच्या काळजाशी लागते. मात्सुगाए धक्क्यावर उतरलात की ओउरा चर्च चालत काही मिनिटांवर. मार्च १८६५मध्ये उराकामीचे काही शेतकरी इथे आले आणि फ्रेंच धर्मगुरूंना हळूच म्हणाले की आमचा धर्मही तुमचाच आहे. बंदी असताना अडीचशे वर्षे त्यांच्या घराण्यांनी तो लपवून जपला होता.

पोर्तुगीज व्यापारी १५७१पासून या बंदरात येत. त्यांना घालवून दिल्यावर १६४१ साली डचांना देजिमा या पंख्याच्या आकाराच्या लहानशा कृत्रिम बेटावर बसवले गेले. पुढची दोनशेहून अधिक वर्षे युरोपशी व्यापार झाला तो या एवढ्याशा जागेतून. भारताचे छापील कापडही इथूनच आत गेले. आता देजिमाच्या चारही बाजूंना भर पडून ते शहरात मिसळले आहे. जुन्या गोदामांची पुनर्बांधणी सुंदर केली आहे, आणि २०१७पासून बेटावर पूर्वीसारखे पुलावरून शिरता येते.

पण मी नागासाकीत ज्यासाठी गेले होते ती जागा रेल्वे स्टेशनच्या वरच्या निशिझाका टेकडीवर आहे. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी इथे सव्वीस ख्रिस्ती माणसांना क्रुसावर चढवून भाल्यांनी मारण्यात आले. हुकूम तेव्हाचा जपानचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याचा. वीस जपानी होते, त्यांत अवघ्या बारा वर्षांचा एक मुलगा. उरलेले सहा फ्रान्सिस्कन. चार स्पॅनिश, एक मेक्सिकोचा आणि एक आपल्या वसईचा.

गोन्सालो गार्सिया यांचा जन्म वसईत, १५५६च्या सुमारास. वडील पोर्तुगीज, आई इथलीच. तरुणपणी जेझुइटांबरोबर जपानला गेले, तिथली भाषा शिकले, मग काही काळ व्यापार केला, त्यात यश मिळाले आणि ते सोडून मनिलाला फ्रान्सिस्कन बंधू झाले. १५९३मध्ये फ्रान्सिस्कन धर्मगुरू पेद्रो बाप्तिस्ता यांच्यासोबत दुभाषी म्हणून जपानला परतले. हिदेयोशीशी बोलणी व्हायची ती त्यांच्या तोंडून. पकडल्यावर या सगळ्यांना भर थंडीत क्योतोच्या बाजूने नागासाकीपर्यंत गावागावांतून चालवत नेले. १८६२मध्ये त्यांना संतपद मिळाले. वसईत गासला त्यांच्या नावाचे चर्च आहे, वसईतल्या महाविद्यालयालाही त्यांचेच नाव आहे.

निशिझाकाचे स्मारक १९६२चे, शिल्पकार फुनाकोशी यासुताके. एका भिंतीवर सव्वीस ब्राँझच्या आकृती ओळीने. पाय जमिनीवर टेकलेले नाहीत, खाली लोंबत आहेत. मुलांच्या आकृती ठेंगण्या, ओळीत लगेच ओळखू येतात. मी गोन्सालोंची आकृती शोधली. शेजारच्या संग्रहालयातल्या स्वयंसेवक आजींना, मी वसईजवळची, असे मोडक्या भाषेत आणि नकाशावर बोट ठेवून सांगितले, तेव्हा त्यांनी उठून नमस्कार केला. धर्मप्रसाराच्या मागे व्यापार आणि तोफा होत्या, वसईत पोर्तुगीजांनी देवळे पाडली, हे मला ठाऊक आहे. सत्ताधाऱ्याने परक्या सत्तेच्या भीतीने इथे माणसे मारली, हेही ठाऊक आहे. या दोन्ही गोष्टींपुढेही वसईचा एक माणूस इतक्या दूर, दुसऱ्यांची बोली आपली करून, सोबत्यांना न सोडता मेला, हे मोठेच आहे.

बंदराच्या पलीकडच्या काठावर मित्सुबिशीची गोदी आहे. तिथली १९०९ची प्रचंड क्रेन जहाजावरून स्पष्ट दिसते. ‘डायमंड प्रिन्सेस’ याच गोदीत बांधली गेली, २००४ साली पूर्ण झाली. ९ ऑगस्ट १९४५चा बॉम्ब बंदराच्या वरच्या अंगाला, उराकामीवर पडला, म्हणजे ज्यांनी धर्म लपवून जपला त्यांच्याच वस्तीवर. खाडीबाहेर हाशिमा बेट आहे, कोळशाच्या खाणीचे. साडेसहा हेक्टरांहून कमी जागेत एकेकाळी पाच हजारांवर माणसे सिमेंटच्या उंच इमारतींत राहत. खाण १९७४मध्ये बंद झाली. बेट २०१५मध्ये जागतिक वारसास्थळ झाले, आणि युद्धकाळात तिथे जबरदस्तीने राबवलेल्या कोरियन आणि चिनी मजुरांची कहाणी नीट सांगितली जात नाही, ही कोरियाची तक्रार अजून संपलेली नाही. सहलीच्या बोटीवरचा निवेदक खाणकामगारांच्या टीव्ही-फ्रिजबद्दल भरभरून बोलतो. दुसरी बाजू आपण विचारावी लागते.

बुसानहून परतताना जहाज जपानच्या पश्चिम किनाऱ्याला लागते. माइझुरूला थांबा असेल तर उतरावे. युद्धानंतर सैबेरिया, मंचुरिया, कोरिया इथे अडकलेले सुमारे साडेसहा लाख जपानी १९४५ ते १९५८ या काळात या बंदरात परतले. प्रत्येक बोटीला आपला मुलगा असेल म्हणून आया धक्क्यावर येऊन उभ्या राहत. लाकडी धक्का पुन्हा बांधून ठेवला आहे आणि टेकडीवर संग्रहालय आहे. सैबेरियातल्या एका कैद्याने कागद नव्हता म्हणून भूर्जाच्या सालीवर लिहिलेली वही तिथे पाहायला मिळते.

उत्तरेच्या होक्काइदो बेटावरच्या हाकोदातेत सेतोच्या पाण्यातली गोष्ट पुन्हा भेटते. २६ सप्टेंबर १९५४ला वादळात ‘तोया मारू’ ही फेरीबोट बुडाली, १,१५५ माणसे गेली. त्यानंतर समुद्राखालून बोगद्याचे काम नेटाने पुढे गेले. ५३.८५ किलोमीटरचा सेइकान बोगदा १३ मार्च १९८८ला सुरू झाला, त्याच दिवशी आगगाडीचे डबे पोटात घेऊन जाणाऱ्या फेरीबोटी थांबल्या. पुढच्याच महिन्यात सेतो महापूल खुला झाला आणि जपानची चारही मोठी बेटे रुळांनी जोडली गेली. हाकोदातेत ‘माशू मारू’ आणि समोरच्या आओमोरीत ‘हाक्कोदा मारू’ या जुन्या बोटी संग्रहालय म्हणून बांधून ठेवल्या आहेत. ‘हाक्कोदा मारू’च्या पोटातले रूळ अजून तसेच आहेत.

बोगदा आणि पूल आल्यावर या गावांतून नुसते पुढे जाणारा प्रवासी कमी झाला. क्रूझ जहाजांना ही बंदरे एवढ्या मनापासून बोलावतात त्याचे एक कारण मला इथे सापडले. निरोपाला शाळेचे बँडपथक येते, धक्क्यावरची माणसे जहाज वळेपर्यंत हात हलवत राहतात. २०१७मध्ये क्रूझने आलेल्या परदेशी पाहुण्यांची संख्या २५ लाखांवर होती. त्यातून गावाला मिळाले काय? प्रवासी जेवतो जहाजावर, फिरतो दूरच्या शहरात, बसमधून. धक्क्याजवळच्या खाणावळीत बसून त्याने भाताबरोबर कागोशिमाचा मासा खाल्ला, तरच गावाच्या पदरात काही पडते.

म्हणून जहाज निवडताना तलाव आणि नाटकगृह बघण्याआधी दोन गोष्टी विचारा. प्रत्येक बंदरात किती तास, आणि कुठला धक्का. योकोहामात ओसानबाशी की दाइकोकू, यावर तुमचा दिवस ठरतो. जपान आणि कोरिया दोन्हीकडचा व्हिसा कसा लागेल आणि जपानमध्ये पुन्हा प्रवेशाची सोय त्यात आहे का, हे पैसे भरण्याआधी वकिलातीकडून पक्के करा. नागासाकीत मात्सुगाए लागले, तर ओउरा कैगान स्टॉपवरून ट्राम धरून नागासाकी स्टेशनला जा. तिथून निशिझाका टेकडी चढायला पाच मिनिटे पुरतात.